सुप्याच्या माळावरून दिवेआगरला

भिगवणला जायचं म्हटलं की पुणेकर पहाटे निघतो आणि सोलापूर हायवेने थेट रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांपुढे जाऊन उभा राहतो. यंदा जानेवारीत आम्ही मुद्दाम वाकडी वाट धरली. चौफुल्याला उजवीकडे वळून आधी सुप्याचा माळ गाठला. घाट, समुद्र सगळं पुढे झालं, पण माझा जीव अडकला तो इथेच.

इथलं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं. लोक येतात ते चिंकारा बघायला. आम्हाला हवा होता धाविक, उघड्या माळावर राहणारा पक्षी. दुर्बिणीतून नुसती तांबूस माती दिसत होती, आणि मग त्या मातीचाच एक तुकडा धावत सुटला! तुरुतुरु पळायचं, गपकन थांबायचं, पुढे वाकून किडा टिपायचा, की परत पळ. विटकरी डोकं, डोळ्यावरून मानेकडे गेलेली पांढरी-काळी रेघ, लांब पांढुरके पाय. थांबला की पुन्हा माती. मेंढरं घेऊन निघालेल्या धनगर मामांनी आम्हाला हटकलं, "पाव्हणं, गाडी गवतात घालू नगा. चाकाची वाट पडली की मोडत न्हाई लवकर." गाडी डांबरीलाच ठेवून पुढे पायी गेलो.

सरकारी दप्तरात असे माळ बऱ्याचदा 'पडीक' म्हणून लागतात. मग कुणी प्लॉट पाडतं, कुणी हौसेने झाडं लावतं. झाड लावण्यात वाईट ते काय, असं वाटतं. पण धाविकाला आणि पखुर्डी या दुसऱ्या माळपक्ष्याला उघडी जमीनच लागते. मध्य आशियातून हिवाळ्यापुरता येणारा माँटेग्यूचा भोवत्या हा शिकारी पक्षीसुद्धा रात्री गवतातच, जमिनीवर मुक्काम करतो. माळावर खड्डे खणून रोपं लावायला माझा साफ विरोध आहे.

भिगवण म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा. कुंभारगावात नावाडी दादांनी इंजिन लांबच बंद करून बांबूने होडी ढकलली, म्हणून रोहित उडाले नाहीत. चोच उलटी करून पाण्यात घालायची, जिभेने पाणी आत-बाहेर करायचं आणि चोचीतल्या बारीक जाळीत अडकलेले जीव गिळायचे, हे त्यांचं खाणं होडीतून मनसोक्त बघता आलं. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) पलीकडच्या काठावर चरत होते.

पुण्यात एक मुक्काम करून पौड रोडने ताम्हिणीत शिरलो. झाडीत मलबारी राखी धनेशाचं खिदळणं दोनदा ऐकलं, पक्षी काही दिसला नाही. माणगाव, म्हसळा करत दिवेआगरला पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. ओल्या वाळूवर चिखल्या या छोट्या किनारी पक्ष्यांचे थवे. धाविकासारखंच पळायचं, थांबायचं, टिपायचं! दोघंही डोळ्यांनी भक्ष्य हेरणारे, म्हणून चालही तीच. सुरूच्या बनावरून समुद्रगरुड एक चक्कर मारून गेला.

तुम्ही जाणार असाल तर कोकणात भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघून ठेवा. भरतीत चिखल्यांना किनाराच उरत नाही. आणि सुप्याला उजाडता उजाडता पोचा. ऊन चढलं की हवा थरथरते आणि दुर्बिणीतून धाविक ओळखू येत नाही. रोहित काय, दुपारीही भेटतात.