पोकर सर्व्हर: नेट तुटलेल्या खेळाडूचं काय करायचं?

मी पोकर टूर्नामेंटचा सर्व्हर लिहितोय. ब्लाइंडचं (डावाआधी सक्तीने भरायच्या, ठरावीक वेळाने वाढणाऱ्या चिप्स) घड्याळ आणि साइड पॉटची (कुणाच्या चिप्स संपल्या की बाकीच्यांच्या जादा चिप्सचा वेगळा गल्ला) वाटणी पक्की झाली. बाकी सगळा वेळ डिस्कनेक्टच्या नियमांनी खाल्ला. आपला खेळ खोट्या चिप्सचा आहे (पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केलाच). तरीही चिकाटीने खेळून शेवटच्या टेबलावर पोचलेल्या माणसाच्या चिप्स, तो हतबल असताना ब्लाइंडमध्ये झिजाव्यात, हे मला मान्य नाही.

जुन्या साइट्सवर ऑल-इन संरक्षण असायचं. नेट गेलं की पॉटमध्ये (डावाच्या गल्ल्यात) जेवढं टाकलंय तेवढ्यावर तुम्ही ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स लावलेले, धरले जायचे आणि बाकीचे साइड पॉटसाठी खेळायचे. पण फ्लशची (एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांची) आस लावून बसलेला एखादा, समोरून मोठी बेट (पैज) आली की केबल उपटायचा आणि उरलेले पत्ते फुकटात बघायचा. म्हणून आधी त्यावर मर्यादा आल्या आणि पुढे जादा वेळ, तो संपला की फोल्ड (डाव सोडणं), ही पद्धत रुळली. एकट्याचं नेट गेलं तर मीही तेच करतोय: 60 सेकंद जादा, मग फोल्ड.

सर्व्हरवरच हल्ला झाला तर मात्र हा नियम क्रूर ठरतो. अमेरिकाज कार्डरूम ही पोकर साइट ज्या विनिंग पोकर नेटवर्कवर चालते, त्यावर सप्टेंबर 2017 मध्ये लागोपाठ डीडॉस हल्ले (खोट्या विनंत्यांचा पूर लोटून सर्व्हर बंद पाडणं) झाले. ऑगस्ट 2018 मध्ये पोकरस्टार्स आणि पार्टीपोकर या दोन्ही साइट्सनाही तोच मार बसला. अशा वेळी सगळेच एकदम तुटतात असं नाही. नऊ जणांच्या टेबलावर चार उरले, तर ते चौघे बाकीच्यांचे ब्लाइंड उचलत राहतात. त्यांचा यात काहीच दोष नसतो. घड्याळ चालू ठेवणं हाच अन्याय आहे.

म्हणून सर्व्हर आता स्वतःहून थांबतो. 20 सेकंदांत एक तृतीयांश खेळाडू तुटले आणि ते एकाहून जास्त टेबलांवरचे असले, की सगळं गोठतं. हल्ला आहे, केबल तुटली की एखाद्या कंपनीचं नेट बसलं, हे सर्व्हरला कळायची गरज नाही. किती जणांना चाल करता येत नाही एवढंच न्यायाला पुरे.

चालू डावाचं काय, यावर बराच विचार केला. बेटिंग बाकी असेल तर डाव रद्द, चिप्स ज्याच्या त्याला परत. पण डावात उरलेले सगळे ऑल-इन असतील तर कुणाला काही ठरवायचंच नसतं, मग उरलेले पत्ते उघडून डाव पुरा करायचा. हाही डाव रद्द केला तर हरायला आलेला सुटतो, ते मला पटत नाही.

टूर्नामेंट पुन्हा सुरूच होऊ शकली नाही तर बक्षिसातल्या खेळाडूंना पुढचं किमान बक्षीस आणि उरलेलं चिप्सच्या प्रमाणात. मोठ्या साइट्सवर हीच रीत आहे आणि ती मला रास्त वाटते.

अडलंय ते शेवटच्या तिघांपाशी. तिथे एक जण गेला की एक तृतीयांश गेले, आणि टेबलही एकच, म्हणजे वरचा नियम निरुपयोगी. त्यावर सध्या असं करून बघतोय: बाद होऊन बघत बसलेल्यांची कनेक्शनंही मोजायची. प्रेक्षकही तुटले तर खेळ थांबवायचा, एकटा खेळाडूच तुटला तर 60 सेकंद. प्रेक्षकच नसतील तर काय, यावर उपाय सुचला तर जरूर कळवा.