खिडकी बदलायची, की नुसती चाकं आणि ब्रश?

आमची ठाण्यातली इमारत १९९६ सालची. खिडक्याही तेव्हाच्याच : पाऊण इंची सेक्शन (फ्रेमची पोकळ धातूची पट्टी), दोन ट्रॅक, अ‍ॅल्युमिनियमच्या स्लाइडिंग. खिडकीखाली पोपडे दिसले म्हणून अ‍ॅल्युमिनियमवाल्याला बोलावलं, की तो आधी टेप काढतो आणि स्क्वेअर फुटाचा भाव सांगतो. पाणी कुठून येतंय, हे बघायला कुणालाच वेळ नसतो. आम्ही सुरुवात तिथूनच केली आणि तीन खिडक्यांची तीन वेगळी उत्तरं निघाली.

ओल कुठे आहे यावरून बरंच कळतं. खिडकीच्या वरच्या बाजूला डाग असेल तर दोष बहुधा छज्ज्याचा किंवा भिंतीतल्या चिरेचा. खिडकी सोन्याची बसवली तरी डाग तसाच राहील. खालच्या दोन कोपऱ्यांपाशी ओल असेल तर ट्रॅकच्या कोपऱ्याचा सांधा संशयित. कट्ट्याखाली सलग पट्टा ओला असेल तर कट्ट्याचा उतार आतल्या बाजूला आहे, किंवा फ्रेम आणि कट्ट्यामधली फट उघडी पडली आहे.

वरच्या मजल्यावर बाहेरून पाइप मारणं शक्य नसतं. त्यासाठी सोपी युक्ती : ट्रॅक जुन्या टूथब्रशनं साफ करायचा आणि खालच्या ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी हळूहळू ओतायचं. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला पाणी जायला बारीक खाचा असतात. पाणी तिथून भराभर बाहेर गेलं तर ठीक. तुंबलं तर खाचा बुजल्यात. रंगारी, गवंडी आणि सिलिकॉन मारणारा, तिघेही त्या इमानेइतबारे बुजवतात. पाणी बाहेरही गेलं नाही, तुंबलंही नाही, तरी कमी होत चाललं, तर ते कोपऱ्यातून किंवा ट्रॅकमध्ये मारलेल्या स्क्रूच्या भोकातून भिंतीत उतरतंय. कोपऱ्यावर कागदी रुमाल दाबून धरला की जागा सापडते.

मग शटरची, म्हणजे सरकणाऱ्या काचेच्या झडपेची पाळी. वर्तमानपत्राची पट्टी मध्ये धरून शटर बंद करायचं आणि पट्टी ओढायची. अलगद निघाली तर कडेचा ब्रश, म्हणजे फट बुजवणारी केसाळ पट्टी झिजलीय. शटर ढकलताना घासत असेल, एका बाजूला झुकत असेल, तर खालची चाकं गेलीत. वाऱ्यात काच खडखडत असेल तर रबर आखडलंय. हे तिन्ही भाग सुटे मिळतात आणि शटर उचलून काढलं की बदलता येतात. एवढ्यासाठी खिडकी बदलणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

खिडकीचं आयुष्य ठरवते ती फ्रेम. त्यात पाहायच्या गोष्टी अशा : पावडर कोटिंगखाली (भाजून चढवलेल्या रंगाखाली) फुगे आलेत का, नखानं खरवडल्यावर पांढरी भुकटी पडते का, ट्रॅकची ज्यावर चाक धावतं ती धार दबून चपटी झालीय का. धार चपटी असेल तर नवी चाकंही लवकर खराब होतात. स्क्रू साध्या लोखंडाचे असतील तर ओलाव्यात ते आणि अ‍ॅल्युमिनियम मिळून अ‍ॅल्युमिनियमच खातात. भोक मोठं होतं आणि स्क्रू हातानं फिरायला लागतो. शिवाय दोन्ही कर्ण मोजायचे. त्यांच्यात पाच-सहा मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर फ्रेम तिरकी झालीय आणि शटर कधीच नीट टेकणार नाही.

सागवानी चौकटीची परीक्षा वेगळी. खालच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर दाबायचा. लाकूड मऊ लागलं तर कूज, ठोकल्यावर पोकळ वाजलं तर वाळवी. फक्त खालची पट्टी गेली असेल तर सुतार तेवढीच बदलतो. जुनं चांगलं सागवान भंगारात देऊ नका, एवढंच म्हणेन.

आता वाऱ्याचा हिशेब, कारण पश्चिमेच्या खिडकीचा निकाल त्यावरच लागला. ताशी ६० किमीचा वारा समोरून आदळला की त्याचा दाब सुमारे १७ मिमी पाण्याच्या उंचीइतका असतो. ८० ला तो ३० मिमीपर्यंत जातो. म्हणजे झडीच्या पावसात ट्रॅकमधलं पाणी बाहेर जाण्याऐवजी आत तेवढं चढतं. आमच्या जुन्या ट्रॅकची आतली कड जेमतेम १८ मिमी भरली. खाचा साफ, ब्रश नवा, तरी जोराच्या झोतात पाणी आत सांडणारच. त्यात त्या फ्रेमला फुगे आलेले. ती बदलली. पूर्वेच्या बेडरूमची फ्रेम ठणठणीत होती. तिला चाकं, ब्रश आणि कोपऱ्यात सिलिकॉन पुरलं. स्वयंपाकघरातला डाग वरून येत होता : छज्ज्यात रुतवलेल्या ग्रिलच्या पायाला गंज चढला होता. गंजलेलं लोखंड फुगतं आणि प्लास्टर फोडतं. तिथे खिडकीला हात न लावता छज्ज्याची दुरुस्ती केली.

नवीन घेताना अ‍ॅल्युमिनियम की यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक), यावर घरोघरी वाद होतात. यूपीव्हीसीचे कोपरे वितळवून जोडलेले असतात, त्यामुळे कोपऱ्यातून गळती सहसा नाही. पण आत स्टीलची पट्टी घातलीय का, हे जोडणीआधी कारखान्यातच बघावं लागतं. अ‍ॅल्युमिनियमचे कोपरे स्क्रूचे, पण दुरुस्ती नाक्यावरचा माणूसही करतो. आम्ही जाड सेक्शनचं, उंच कडेच्या ट्रॅकचं अ‍ॅल्युमिनियम घेतलं, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे.

जुनी फ्रेम न काढता तिच्या आत नवी बसवू, असा सल्ला हमखास मिळतो. तोडफोड वाचते हे खरं. पण उजेडाची जागा कमी होते आणि जुन्या फ्रेममागची फट तशीच झाकली जाते. पाणी तिथूनच येत असेल तर पैसे पाण्यात. आम्ही फ्रेम उपटली, कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला, मगच माप घेतलं : रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, त्यातलं सगळ्यात लहान धरून चारी बाजूंनी ५ मिमी सोडायचे. टफन्ड काच घेणार असाल तर माप पक्कं हवं. ती नंतर कापता येत नाही.

ही ५ मिमीची फट पांढऱ्या सिमेंटनं भरू देऊ नका. पाच फुटी अ‍ॅल्युमिनियम ३० अंशांच्या फरकानं सुमारे एक मिमी लांबतं, यूपीव्हीसी त्याच्या तिप्पट. सिमेंट ताणलं जात नाही, पहिल्याच उन्हाळ्यात केसासारखी चीर पडते. आधी फोमची दोरी दाबायची, वरून सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन स्वस्त असतं, पण ते सिमेंटला नीट धरत नाही आणि संगमरवराला डाग पाडतं; न्यूट्रल मागा. फ्रेमचे स्क्रू कोपऱ्यापासून १५० मिमीवर, पुढे ६०० मिमीच्या आत. शक्यतो बाजूंना आणि वर, खालच्या ट्रॅकमध्ये नको.

काम दिवाळीनंतर काढा. तपासणी पावसातच खरी होते, पण ओल्या भिंतीला सिलिकॉन चिकटत नाही आणि मे महिन्यात खिडक्या बनवणारे सगळे फॅब्रिकेटर अडकलेले असतात. बाहेरून रंग किंवा ग्रिल बदलणार असाल तर सोसायटीचं पत्र आधी घ्या.

शेवटचा हप्ता देण्याआधी सिलिकॉन पूर्ण वाळू द्यायचं आणि ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतायची तीच चाचणी फॅब्रिकेटरसमोर करायची. सेक्शनचं नाव बिलावर लिहून घ्यायचं, आणि चाकांचे दोन जोड व एक लॉक जास्तीचे मागून ठेवायचे. काही वर्षांनी तो सेक्शन बाजारातून गेला की हीच चाकं शोधत फिरावं लागतं.