रान सकाळी, दर्या संध्याकाळी

लग्नाच्या याद्या आणि आमंत्रणे एकदाची आटोपल्यावर एका संध्याकाळी माझ्या होणाऱ्या नवऱ्याने मला फोनवर एक तक्ता पाठवला. मधुचंद्राच्या सात दिवसांचा तो आराखडा होता: दोन दिवस कळंगुट, एक दिवस दूधसागर, एक रात्र मोलेच्या जंगलात, एक दिवस पणजी आणि उरलेले दोन पाळोळ्याला. निसर्ग आणि समुद्रकिनारा यांचा समतोल साधला आहे, असे त्याने खाली लिहिले होते. तक्ता पुण्याच्या माणसाला शोभेल इतका नीटनेटका होता. पण त्यात सात दिवसांत चार हॉटेले होती, म्हणजे चार वेळा सामान उघडणे, चार वेळा भरणे आणि निदान तीन दिवसांची भर दुपार गाडीत घालवणे आले. मी त्याला एवढेच कळवले की, यात निसर्गही आहे आणि किनाराही आहे, मधुचंद्र मात्र कुठे दिसत नाही.

माझे माहेर पणजीचे. लहानपणच्या बहुतेक संध्याकाळी मिरामारच्या वाळूत गेल्यामुळे समुद्राचे मला अप्रूप नाही. मला रान हवे होते. त्याला मात्र समुद्र म्हणजे वर्षातून एकदा सहलीला जाऊन पाहण्याची गोष्ट वाटत असल्याने तो किनारा सोडायला तयार नव्हता. बाहेरगावी जाण्याचा विषय रजेच्या अडचणीमुळे आपोआप मागे पडला आणि दोन्ही घरांचे गोव्यावरच एकमत झाले, कारण सासरचे कुलदैवत फोंड्याजवळच्या कवळ्याची शांतादुर्गा आहे आणि लग्नानंतर जोडीने देवीच्या पाया पडल्याशिवाय पुढे कुठेही जायचे नाही, हे सासूबाईंनी आधीच सांगून ठेवले होते. पणजीची मुलगी मधुचंद्राला गोव्यातच चालली, यावर आमच्या वाड्यावर बरीच करमणूक झाली, ती सोडून द्या.

तक्त्यातली चूक कशी दुरुस्त करावी याचा विचार करताना माझ्या लक्षात आले की, आपण दिवस वाटून घेत होतो, वास्तविक दिवसाचे प्रहर वाटून घ्यायला हवे होते. गोव्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. पूर्वेला सह्याद्री आणि पश्चिमेला समुद्र, आणि दक्षिणेकडे जावे तसे हे दोघे एकमेकांच्या जवळ सरकत जातात. काणकोण तालुक्यात तर डोंगराच्या सोंडा थेट पाण्यापर्यंत उतरल्या आहेत. पाळोळ्याच्या किनाऱ्यापासून खोतीगाव अभयारण्याचे प्रवेशद्वार सुमारे १० किलोमीटरवर आहे, म्हणजे पुण्यात आपण नाटकाला जातो त्याहून जवळ. असे असताना जंगलासाठी वेगळी रात्र आणि समुद्रासाठी वेगळी रात्र काढण्याचे कारणच उरत नाही. एकच खोली घ्यावी, सकाळ रानात घालवावी, दुपारी जेवून झोपावे आणि ऊन कलल्यावर वाळूवर यावे. गोव्यात दुपारची झोप ही आळसाची खूण मानत नाहीत, हा या योजनेतला अधिकचा लाभ.

ऋतूच्या बाबतीत फारसा पर्याय नव्हता. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर पाऊस सुरू झाला की रान अप्रतिम होते, पण समुद्र खवळलेला असतो, पोहण्यास मनाई असते, किनाऱ्यावरची शॅक आणि पाळोळ्याच्या लाकडी झोपड्या उतरवून ठेवलेल्या असतात आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी असल्याने ताज्या मासळीचीही ओढाताण होते. ऑक्टोबरचा उकाडा अंगाला चिकटतो. मार्चनंतर ऊन तापते. तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने खरे, आणि त्यातूनही नाताळापासून नव्या वर्षापर्यंतचे दिवस टाळावेत, कारण तेव्हा खोल्यांचे भाव आणि रस्त्यांवरची गर्दी दोन्ही आवाक्याबाहेर जातात. आमचे लग्न २०२४ च्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाले. त्याच सुमारास जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाचा सोहळा चालू होता, जो दर दहा वर्षांनी येतो. त्यामुळे उत्तरेकडे न राहण्याला आणखी एक सबळ कारण मिळाले.

आठवडा नेमका कोणता घ्यावा हे मात्र बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून ठरवले. कोकणपट्टीत भरतीचा एक जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती सव्वाअकराला आणि ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी, संध्याकाळी पाचच्या पुढे. याचा अर्थ असा की, पौर्णिमेच्या आसपास गेलात तर सूर्यास्ताच्या वेळी पाणी खूप आत गेलेले असते आणि चालायला ओली, टणक, रुंद वाळू मिळते. अष्टमीच्या आसपास गेलात तर त्याच वेळी पाणी किनाऱ्याच्या माडांकडे चढत असते. हॉटेलांच्या संकेतस्थळांवर खोलीतल्या उशांची संख्या दिलेली असते, हे कोणी सांगत नाही. त्या वर्षी दत्तजयंतीची पौर्णिमा १४ डिसेंबरला होती, म्हणून आम्ही १२ ते १९ हे दिवस घेतले.

मुक्कामासाठी पाळोळे न घेता त्याच्या दक्षिणेचे पाटणे निवडले, कारण तिथे वस्ती विरळ आहे आणि पाळोळ्याला पायी जाता येते. खोली मिळण्याआधी एक ठेच लागली. जाहिरातीत ‘जंगल आणि समुद्र यांच्या मधोमध’ म्हणून दाखवलेली एक जागा आम्ही आगाऊ रक्कम भरून ठरवली होती. बाबा सहज त्या बाजूला गेले असता ती महामार्गाला लागून असल्याचे आणि मागचे जंगल म्हणजे बाभळीच्या चार झाडांची रांग असल्याचे त्यांना आढळले. जंगल आणि समुद्र यांच्या मधोमध महामार्गच आहे, त्यामुळे जाहिरात खोटी होती असेही म्हणता येत नाही. रक्कम परत मिळाली नाही. शेवटी एका घरगुती जागेत, मागच्या अंगणातली खोली मिळाली आणि तिथल्या काकींनी आमचे सारे वेळापत्रक आपल्या स्वयंपाकाच्या वेळांना बांधून टाकले, ते बरेच झाले.

बाहेरून येणाऱ्यांनी विमानाचे तिकीट काढताना विमानतळ कोणता, हे आधी पाहावे. मोपा पेडणे तालुक्यात, गोव्याच्या उत्तर टोकाला आहे आणि काणकोण दक्षिण टोकाला, त्यामुळे तिथे उतरलात तर टॅक्सीने सारा गोवा उभा कापावा लागतो. दाबोळी त्यामानाने जवळ. रेल्वेने आल्यास चावडी या गावाजवळ काणकोण स्थानक आहे, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तेव्हा मडगावला उतरण्याची तयारी ठेवावी. गाडी किंवा स्कूटर भाड्याने घेताना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्यावी. पांढऱ्या पाटीचे खासगी वाहन भाड्याने घेणे बेकायदेशीर आहे. आम्ही बाबांची जुनी गाडी नेली.

दूधसागर आम्ही वगळला. धबधबा ३१० मीटर उंच आहे आणि डिसेंबरात त्याला पाणीही चांगले असते. पण कुळ्याहून जीपने जायचे, जीप सात जणांची, आणि मधुचंद्राच्या तिसऱ्या दिवशी पाच अनोळखी माणसांच्या गुडघ्यांना गुडघे लावून ओढे ओलांडण्याची माझी तयारी नव्हती. ज्यांना तो पाहायचाच आहे त्यांनी फोंड्याला देवदर्शन करून तिथूनच जावे. काणकोणहून जाऊन येण्यात सारा दिवस मोडतो आणि मग प्रहरांचा हिशोब कोसळतो.

खोतीगावला मात्र आम्ही तीनदा गेलो. हे अभयारण्य ८६ चौरस किलोमीटरचे आहे. तिथे वाघ पाहायला जाऊ नये. त्या अपेक्षेने गेलेली माणसे तासाभरात जांभया देत परततात. पहिल्या सकाळी आम्हालाही पाऊण तासात काहीच दिसले नाही. नवऱ्याने दोनदा घड्याळ पाहिले. मग एका झाडाच्या खोडावर, आमच्या डोळ्यांच्या उंचीला, साल थोडी हलल्यासारखी वाटली. वीतभराचा, सालीच्याच रंगाचा सरडा तिथे चिकटून होता. त्याने गळ्याखालची पिवळीधमक पिशवी एकदा उघडली, मिटली, पुन्हा उघडली, जणू कोणी हळदीने माखलेले विड्याचे पान बाहेर काढून दाखवावे. आणि आम्ही श्वास रोखून पाहत असतानाच त्याने अंगाच्या दोन्ही बाजूंचे पडदे पसरले आणि तो समोरच्या खोडाकडे तरंगत गेला. उडी नव्हे, तरंगणेच. त्यानंतर त्या माणसाने रानात घड्याळ पाहिले नाही. दुसऱ्या खेपेला शेकरू आणि धनेश दिसले, तिसऱ्या खेपेला गव्याचे ताजे शेण, आणि त्यावरही त्याने दहा मिनिटे चर्चा केली.

एक दिवस नेत्रावळीकडे गेलो. रिवणच्या वाटेवर कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडात कोरलेली प्रागैतिहासिक चित्रे आहेत, बैल आहेत, हरणे आहेत आणि एक चक्रव्यूहासारखी वर्तुळाकार आकृती आहे. पावले जपून टाकावीत, कारण चित्रे पायांखालीच असतात. नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळाची बुडबुड्यांची तळी आहे. तिच्या तळातून सतत बुडबुडे वर येतात आणि टाळी वाजवली की ते वाढतात असे म्हणतात. आम्ही टाळ्या वाजवल्या. वाढले की नाही यावर आमचे अद्याप एकमत नाही.

समुद्राचेही सगळे किनारे सारखे नाहीत. पाळोळे चंद्रकोरीसारखे वळलेले, दोन्ही बाजूंनी टेकड्यांनी अडवलेले असल्याने तिथले पाणी उथळ आणि शांत आहे. नीट पोहता न येणाऱ्याने तिथेच उतरावे. आगोंदला ओढ जास्त आहे, तिथे चालावे. कुठेही जीवरक्षकांच्या निशाणांकडे पाहूनच पाण्यात जावे. आगोंद आणि गालजीबाग इथे नोव्हेंबर ते मार्चच्या काळात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालायला येतात आणि वनखाते घरट्यांभोवती कुंपण घालून राखण ठेवते. पिल्ले बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागत असल्याने डिसेंबरात आम्हाला कुंपणे आणि तारखा लिहिलेल्या पाट्याच दिसल्या. रात्री तिथे टॉर्च मारत फिरू नये, उजेडाने कासवे बिथरतात.

पौर्णिमेच्या संध्याकाळी पाणी बाबांच्या हिशोबाप्रमाणे आत गेले होते. सहा वाजून गेल्यावर सूर्य समुद्रात उतरला आणि आम्ही परत फिरलो, तर थोड्या वेळाने मागच्या डोंगरावरून, म्हणजे सकाळी आम्ही जिथे होतो त्या रानाच्या बाजूने, चंद्र वर आला. नवरा म्हणाला, “हे तुझ्या तक्त्यात नव्हतं.” तक्ता त्याचा होता, माझा नव्हता; पण त्या घडीला मी वाद घातला नाही.

शेवटच्या आदल्या दिवशी, १८ तारखेला, आम्ही पाळोळ्याच्या उत्तर टोकाच्या छोट्या बेटावर ओहोटीत चालत गेलो. दहाच्या सुमारास पाणी जेमतेम पोटरीपर्यंत होते. खडकावर सावली होती, गप्पा रंगल्या, आणि एक वाजता उठून पाहतो तो आल्या वाटेवर कमरेएवढे पाणी. तिथी चतुर्थी, चाराची पाऊणपट तीन, तीनची भरती. बाबांनी पढवलेला हिशोब माझ्या पदरात असून मी तो त्या दिवशी केलाच नव्हता. दोन्ही फोन आणि चपला एका पिशवीत घालून नवऱ्याने ती डोक्यावर धरली, मी त्याचा दंड धरला आणि किनाऱ्यावरच्या प्रेक्षकांसमोर आम्ही वधूवरांची ती वरात परत आणली.

ओल्या कपड्यांनी अंगणात शिरताच काकींनी विचारले, “बाये, जेवायला वाढू ना?” मी म्हटले, “नको काकी, माझी आज संकष्टी आहे, चंद्रोदयानंतर जेवेन.”

नवरा पिशवी खाली ठेवता ठेवता थांबला. “म्हणजे आज चतुर्थी आहे हे तुला सकाळपासून ठाऊक होतं?”