ते सोड

रविवार, रात्र

झोप येत नाहीये. कारण सांगितलं तर कुणालाही क्षुल्लक वाटेल. दुपारी जेवताना वाद चालला होता, ब्रिटिश टीव्हीवरच्या सिटकॉमचं सगळ्यांत चांगलं दशक कुठलं. त्यात धाकट्याने मला एक प्रश्न विचारला. मी म्हणाले, "ते सोड," आणि आमटीची वाटी पुढे केली. तेव्हापासून ते दोन शब्द डोक्यातून जात नाहीत.

वाद जुनाच आहे. शेजारचे आजोबा ऐंशीचं दशक सोडत नाहीत. 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस'पासून सुरुवात करतात आणि 'ब्लॅकॅडर'च्या शेवटच्या भागापाशी येऊन थांबतात. १९८९ सालचा, पहिल्या महायुद्धावरचा तो भाग. सगळे खंदकातून वर चढतात, गोळीबारात धावतात, आणि चित्र विरघळत जाऊन लाल पॉपीचं शेत उरतं. हे सांगताना आजोबांचा आवाज दर वेळी बसतो. त्यांच्या वडिलांचं काहीतरी आहे त्यात, ते कधी बोलत नाहीत. 'येस मिनिस्टर'सुद्धा त्यांच्याच दशकातली, आणि तिच्यापुढे मीही हात टेकते.

धाकटा 'द ऑफिस'वाला. २००१ ते २००३, बारा भाग आणि नाताळचे दोन. हसणारे प्रेक्षक नाहीत, कुठे हसायचं ते कुणी सांगत नाही, माणसं नुसती अवघडून गप्प बसतात. "आणि आई, ते आपलं गाव आहे," तो म्हणाला. सुरुवातीच्या शीर्षकांत आमचं स्लाउ दिसतं, तो वाहनांनी भरलेला गोल चौक, आता पाडून टाकलेलं जुनं बस स्टँड. त्या स्टँडवर तो शाळेच्या बसची वाट बघत उभा राहिलेला आहे. आपलं गाव टीव्हीवर दिसतं याचा त्याला केवढा आनंद!

मी सत्तरच्या दशकाची. ठामपणे सत्तरची. १९८२ पर्यंत या देशात तीनच वाहिन्या होत्या, त्यामुळे रात्री अख्खा देश एकच गोष्ट बघायचा आणि सकाळी तिच्यावरच बोलायचा. 'फॉल्टी टॉवर्स'चे भाग फक्त बारा, १९७५ मध्ये सहा आणि १९७९ मध्ये सहा. मधली चार वर्षं काही नाही. लिहिणाऱ्यांनी घाई केली नाही, म्हणून त्यातला एकही धागा सैल नाही. पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. सत्तरच्या दशकातली माणसं अडकलेली आहेत. 'पॉरिज'मध्ये तुरुंगाची कोठडी. 'स्टेप्टो अँड सन'मध्ये भंगारवाला बाप आणि त्याला सोडून जाऊ न शकणारा मुलगा. सुरुवात १९६२ ची असली तरी सत्तरात ती परत आली. 'डॅड्ज आर्मी'त दुसऱ्या महायुद्धातलं होमगार्डचं पथक; त्यातला बँक मॅनेजर कॅप्टन झालाय, हुकूम सोडतोय, आणि हाताखालचा सार्जंट त्याच्याहून खानदानी घरातला आहे हे त्याला क्षणभरही विसरता येत नाही. तिचे भाग ऐंशी, १९६८ ते १९७७. सुटका नाही, म्हणून हसू येतं. मी या देशात नवीन आले होते तेव्हा खिडकीबाहेर पाऊस आणि खोलीत मी, अशा किती दुपारी मी याच मालिकांच्या सोबतीने काढल्या. उच्चार तिथून शिकले. कुणाला कसं बोलायचं, इथे 'सॉरी'चे किती अर्थ होतात, तेही तिथूनच.

हे सगळं मी दुपारी रंगात येऊन सांगत होते. तेव्हा धाकटा म्हणाला, "मग ती देवळालीची? तीही सत्तरचीच ना?"

ते सोड.

'इट एन्ट हाफ हॉट मम.' १९७४ ला सुरू झाली, छप्पन भाग. लिहिणारे तेच दोघे, 'डॅड्ज आर्मी'चे, जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. पेरी स्वतः दुसऱ्या महायुद्धात देवळालीला तोफखान्याच्या करमणूक पथकात होता, म्हणून मालिकाही तिथेच सुरू होते. माझ्या देवळालीत. मात्र चित्रीकरण सगळं इंग्लंडात. आणि बेअरर, म्हणजे साहेबांचा नोकर, रंगी राम झालाय मायकेल बेट्स हा गोरा नट, तोंडाला तपकिरी रंग फासून. तो झाशीत जन्मलेला, हिंदुस्तानी अस्खलित बोलणारा, कामही मन लावून केलेलं. तरी रंग तो रंगच. आपल्याकडचे चेहरे म्हणावेत तर दोघेच नेहमीचे. डिनो शफीक चहा विकतो आणि बाबर भट्टी पंख्याची दोरी ओढत बाहेर बसतो.

धाकट्याचा प्रश्न रास्त होता. सत्तर सगळ्यांत चांगलं म्हणायचं तर तो रंगही त्याच सत्तरचा आहे. 'माइंड युअर लँग्वेज'मधल्या परदेशी लोकांच्या इंग्रजीच्या वर्गातले ते एकेका देशाचे ठरीव नमुनेही. मी याला उत्तर द्यायला हवं होतं. वीस वर्षं या विषयावर भांडते आहे, आणि नेमक्या जागी आमटी वाढून घेतली. त्याला वाटलं असणार, आईला याचं काहीच वाटत नाही. किंवा त्याहून वाईट, आईला लाज वाटते.

लाजच वाटली. पण त्याला वाटते ती नाही.

यांनी ती डीव्हीडी चॅरिटी शॉपमधून आणली होती. दारातूनच ओरडले, "अगं, तुझं गाव!" मी हात पुसत आले आणि त्या गोऱ्या माणसांच्या तोंडून देवळालीचं नाव ऐकलं. इतकी वर्षं इथे कुठून आलीस विचारलं की मी मुंबईजवळ म्हणायचे, कारण पुढे कुणाला काही कळायचं नाही. आणि इथे ते नाव! मी त्या रात्री माईला फोन केला. तिला काही समजलं नाही, पण मी हसत होते म्हणून तीही हसली. तो रंग मला दिसला नव्हता का? दिसला होता. तरी मी आनंदाने रडले होते. हे मी धाकट्याला कसं सांगू? त्याचं गाव त्याला जसं आहे तसं दिसलं, बस स्टँडसकट. मला माझं दिसलं ते असं, आणि मी तेवढ्यावरही भरून पावले. हा अन्याय कुणाकडे मांडायचा तेही कळत नाही. यांना मांडला असता. असो.

आत्ता एक गोष्ट सुचते आहे. इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलॅली' म्हणतात ना, तो शब्द देवळालीचाच. नोकरीची मुदत संपलेले सोल्जर छावणीत बोटीची वाट बघत महिनोन्महिने पडून राहायचे आणि त्यांची डोकी फिरायची. मूळ शब्द 'डूलॅली टॅप', त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. म्हणजे अडकलेली माणसं माझ्या गावाला आधीपासून ठाऊक आहेत. सत्तरच्या दशकाबद्दल दुपारी जे सांगत होते ते याच मालिकेत सगळ्यांत जास्त आहे. गोऱ्या पोरांना घरी जायचंय, बोट मिळत नाही. आणि तो दोरी ओढणारा. त्याला तर कुठे जायचंय हेही कुणी विचारत नाही. तो एकटा बसून हिंदुस्तानीत पुटपुटत असतो, शेवटी एखादं वाक्य इंग्रजीत बोलतो, त्यावर हशा. आधीचं पुटपुटणं या देशातल्या बहुतेकांना कळलंच नसणार. मला कळत होतं. यांनाही.

मत बदलत नाही. सत्तरच. पण सांगायचं तर त्या रंगासकट सांगायचं.

पहाटे, अडीच

कपाटातून डीव्हीडी काढली. आवाज अगदी बारीक ठेवला होता, तरी धाकटा पाणी प्यायला खाली आला आणि दारातच थांबला. म्हटलं, बस. रंगी राम आला तेव्हा दोघंही काही बोललो नाही. मी म्हणाले, "हे वाईट आहे. तरी मी हे जपून ठेवलंय." त्याने मान हलवली. पंखेवाला पुटपुटला ते मी त्याला मराठीत सांगितलं. त्याने मागे नेऊन परत लावायला लावलं. पुढच्या वेळीही तेच.

भाग संपल्यावर विचारतो, "खरी देवळाली अशी दिसते?"

अशी मुळीच दिसत नाही, म्हटलं. मग लॅम रोड सांगितला, दोन्ही बाजूंचे जुने बंगले, बार्न्स शाळेकडची मोकळी हवा. तोफखान्याचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि माई चुलीवरचं दूध एका हाताने धरून ठेवायची. "का?" म्हणाला. सांडू नये म्हणून, म्हटलं.