एकमेकांची वाट पाहा

ठाणे, शनिवार रात्र

उद्या महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन: येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी. आणि लोकलच्या मेन लाइनला मेगाब्लॉक. कळवा-दिव्याकडून येणारी माणसं उशिरा पोहोचणार. अशा वेळी बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय पूर्ण वाचावा.

एरवी उपासनेत त्यातली २३ ते २६ ही वचनंच वाचली जातात. त्याआधीचं भांडण गाळलं जातं. इ. स. ५५ च्या सुमारास ग्रीसमधल्या करिंथ शहरातली ख्रिस्ती मंडळी घरात जमून पोटभर जेवायची. पण प्रत्येक जण आपापलं आधी खाऊन घेई. कुणी उपाशी राही, कुणाला द्राक्षारस चढे. उपाशी कोण, तर ‘ज्यांच्याजवळ काही नाही’ ते. मालकाच्या कामातून सुटून उशिरा पोहोचणारे दास आणि मजूर, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. यावर पौल सांगतो काय? जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा.

‘अयोग्य प्रकारे’ ही भाकर खाणारा दोषी ठरतो, हे शब्दही याच अध्यायातले. त्यांच्या धाकाने कितीतरी भाविक भाकर घ्यायला बाकावरून उठतच नाहीत, विशेषतः आपल्या आई-आजीच्या पिढीतल्या बायका. पण पौल ‘अयोग्य माणसाने’ म्हणत नाही, ‘अयोग्य प्रकारे’ म्हणतो. दोष खाण्याच्या रीतीला आहे. शेजारच्याला उपाशी ठेवून, त्याला लाज आणून खाणं, ही ती रीत. स्वतःची परीक्षा करावी आणि मग ‘खावं’, असंच २८वं वचन म्हणतं. परीक्षा करून घरी बसावं, असं नाही.

आता मेजाची तयारी. एका ट्रेमध्ये ४० छोटे प्याले मावतात. १२० माणसांना तीन ट्रे, आणि उशिरा येणाऱ्यांसाठी निदान दहा प्याले वेगळे झाकून. प्याल्यात ८ मिली द्राक्षाचा रस पुरे. काठोकाठ भरला की ट्रे फिरताना सांडतो आणि प्याले बुडाला चिकटतात. म्हणजे सगळे मिळून साधारण एक लिटर रस. द्राक्षं नसतील तेव्हा अर्धा किलो काळ्या मनुका दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, वीस मिनिटं उकळून, कुस्करून फडक्यातून गाळाव्यात. गार झाल्यावर लगेच फ्रिजमध्ये. ठाण्याच्या उकाड्यात बाहेर राहिला तर रस आंबतो. भाकर आज कापू नये. सकाळपर्यंत कडा सुकतात आणि चुरा पडतो. खरं तर एक अख्खी भाकर सगळ्यांसमोर मोडावी. ‘भाकर एक, म्हणून आपण पुष्कळ असून एक शरीर’ हे दहाव्या अध्यायातलं वचन आधीच कापलेल्या चौकोनी तुकड्यांत डोळ्यांना दिसत नाही.

मासुंदा तलावाकाठच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये, कॅथलिक शिस्तीप्रमाणे, फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी यांची बेखमीर, म्हणजे न आंबवलेली, भाकर लागते. ग्लूटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) अजिबात नसलेली चालत नाही, कमी ग्लूटेनची चालते. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ही अभिमंत्रित भाकर, घेण्याआधी एक तास उपास. पाणी आणि औषध चालतं, वृद्ध आणि आजारी यांना सूट. हातावर घ्यायचा तर उघडा डावा तळवा वर, उजवा त्याखाली. ‘आमेन’ म्हणायचं आणि जागा सोडण्याआधीच तोंडात घालायचा.

भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं की ती फक्त खूण, यावर १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली या दोन प्रोटेस्टंट सुधारकांचं जुळलं नाही ते नाहीच. तो वाद खरा आहे, महत्त्वाचाही आहे. पण ‘वाट पाहा’ ही आज्ञा दोघांनाही सारखीच लागू होती, आणि ती पाळायला तत्त्वज्ञान लागत नाही. प्रभुभोजन उपदेशानंतर ठेवावं. मेज आवरण्याआधी पाळकांनी मागच्या दाराकडे बघून विचारावं, ‘कुणी राहिलंय का?’ हा प्रश्न घाईत सुटतो, आणि धावत आलेला माणूस रिकामे ट्रे बघतो.

जे येऊच शकत नाहीत त्यांचं काय? इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन हुतात्मा या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय की गैरहजर असलेल्यांचा वाटा डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, घरी पोहोचवत. म्हणून उद्याच्या भाकरीचे काही तुकडे आणि रसाची छोटी बाटली वेगळी काढायची. गिळायला त्रास असेल त्याला कणभर तुकडा, चमचाभर पाण्यात भिजवून. आणि सोबत मंडळीतलं आणखी कुणीतरी न्यायचं, अंथरुणावरच्या माणसाने एकट्याने खाऊ नये म्हणून.