आमची वाटचाल: दाराशी ठेवलेली प्लेट

नाशिकला सातपूरच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समन मेकॅनिकल करून १९९६ साली मी एका टूलरूमला लागलो. ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर, ट्रेसिंग पेपर आणि अमोनिया प्रिंटचा डोळ्यांत पाणी आणणारा वास. आमचे चार्जमन काका ओझरच्या विमान कारखान्यात अ‍ॅप्रेंटिसशिप करून आलेले. मिग विमानांसाठी १९६४ साली उभ्या राहिलेल्या त्या कारखान्याची शिस्त त्यांच्या अंगात मुरली होती. नंबर नसलेलं ड्रॉइंग ते हातातसुद्धा घेत नसत. "रजिस्टरला चढलं नाही ते ड्रॉइंग नव्हे, चित्र," म्हणायचे. आम्ही पोरं त्यांच्या पाठीमागे हसायचो.

२०११ मध्ये नोकरी सोडली आणि सिडकोत, उत्तमनगरच्या घराच्या पुढच्या खोलीत जिग-फिक्स्चर, म्हणजे मशीनवर जॉब नेमका धरून ठेवणारी साधनं, डिझाइन करायचं काम सुरू केलं. एक कॉम्प्युटर, सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं एक लायसन्स (त्यापायी बायकोच्या बांगड्या एकदा बँकेत जाऊन आल्या) आणि हिशेबाला ती स्वतः. पहिल्या तीन वर्षांत सांगण्यासारखं काही नाही. अंबड-सातपूरच्या वर्कशॉपची किरकोळ कामं, आणि पैसे नव्वद दिवसांनी, तेही फोन केला तर. २०१४ ला अंबडमध्ये एका गाळ्याचा पोटमाळा भाड्यानं घेतला. भाचा आणि पॉलिटेक्निक झालेली एक मुलगी, असे दोघं हाताशी आले.

आणि मग ती प्लेट.

सिन्नरच्या एका कारखान्याचं ड्रिलिंग फिक्स्चर होतं. २०१५ चं सिंहस्थाचं वर्ष. २९ ऑगस्टला पहिलं शाही स्नान, त्याच दिवशी राखी पौर्णिमा. रस्ते बंद होणार म्हणून माल २६ तारखेलाच पोचवायचं ठरलं होतं. मागच्या वर्षी त्यांचंच असंच एक फिक्स्चर केलेलं, म्हणून भाच्यानं जुना फोल्डर कॉपी-पेस्ट केला आणि आतल्या बेस प्लेटची भोकं नव्या जॉबप्रमाणे सरकवली. फाइलचं नाव तसंच राहिलं, 'प्लेट-१'. रात्री जुन्या कामातलं काहीतरी बघायला त्यानं जुनी प्लेट-१ उघडली, ती न मिटताच नवी असेंब्ली (सगळे पार्ट जोडून दाखवणारी फाइल) उघडली, नवं ड्रॉइंग उघडलं, प्रिंट काढली आणि घरी गेला. सकाळी प्रिंट व्हीएमसीवाल्याकडे (व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन).

प्लेट कापून, ड्रिल होऊन, ग्राइंड होऊन आली. ईएन-८ पोलाद, ३०० बाय २०० मिलिमीटर, जाडी २५, वजन बारा किलोच्या आसपास. ब्रॅकेट वर ठेवला तर डॉवेल (जागा नेमकी धरणाऱ्या पिना) जाईनात. भोकांमधलं अंतर दोन मिलिमीटरनं चुकलेलं. भाचा रडवेला होऊन म्हणाला, "मामा, स्क्रीनवर बरोबर आहे हो." मी फाइल उघडली. खरंच बरोबर होतं! मग काय, व्हीएमसीवाल्याशी भांडलो. तो बिचारा प्रिंट घेऊन पोटमाळा चढून आला. प्रिंटवर जुनंच माप छापलेलं. त्याची माफी मागितली, चहा पाजला, प्लेटचे पैसे चुकते केले.

कारण सापडायला एक आख्खी रात्र गेली. असेंब्लीची फाइल म्हणजे पंगतीचा कागद. कोणी कुठल्या पाटावर बसायचं एवढं त्यात लिहिलेलं असतं, माणसं त्यात नसतात. पार्ट वेगळ्या फाइलींत असतात आणि असेंब्ली उघडली की सॉफ्टवेअर त्यांना हाका मारत सुटतं. पहिली हाक मेमरीत: या नावाचं कोणी आधीच उघडं आहे का? असलं तर तेच बसवतं, ते कुठल्या फोल्डरातून आलंय हे बघत नाही. एका वेळी एका नावाची एकच फाइल उघडी राहू शकते, हा त्याचा नियमच आहे. ड्रॉइंगचंही तेच. बरं, आमची नवी प्लेट जुनीची कॉपी, त्यामुळे फाइलची आतली ओळख तीच आणि पृष्ठभागही तेच. एकही मेट (दोन पार्टना जागेवर बांधणारी अट, बिघडली की लाल दिसते) लाल झाला नाही. निदान एखादा लाल झाला असता तर आम्ही वाचलो असतो.

दुसरी प्लेट करून माल २८ च्या रात्री निघाला. सिन्नरच्या साहेबांनी जे ऐकवायचं ते ऐकवलं.

पर्वणी आटोपल्यावर मी शालिमारला जाऊन एक लांबोळकं रजिस्टर आणलं. जॉब नंबर, त्यापुढे पार्ट नंबर, एक नाव आयुष्यात एकदाच. नाव बदलायचं तर सॉफ्टवेअरच्या आतून. विंडोजच्या फोल्डरात जाऊन बदललं की असेंब्ली जुन्याच नावानं हाका मारत बसते. जुनं काम नव्यासाठी वापरायचं तर कॉपी-पेस्ट बंद, सॉफ्टवेअरमधल्या 'पॅक अँड गो'नं सगळी पिलावळ नवं नाव देऊन एकत्र उचलायची. भाच्याला हे कटकटीचं वाटायचं. (आता तोच नव्या पोरांना ओरडतो.)

दुसऱ्यांच्या बिघडलेल्या फाइली दुरुस्त करायचा धंदा होऊ शकतो, हे २०२० पर्यंत डोक्यातही नव्हतं. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि डिझाइनवाली माणसं घाईघाईनं पेन ड्राइव्ह घेऊन घरी गेली. त्यातल्या कित्येकांनी नुसती असेंब्लीची फाइल नेली. घरी उघडली तर पंगत रिकामी. "भाऊ, फाइल करप्ट झाली," असे फोन सुरू झाले. करप्ट कसली, पार्ट ऑफिसच्या मशीनवर आणि ऑफिसला कुलूप. पहिले पाच-सहा जण ओळखीचे, त्यांचं फुकटात केलं. मग बायको म्हणाली, "डॉक्टर तपासायचे पैसे घेतो ना?" तेव्हापासून बिल लावतो.

आलेली असेंब्ली आम्ही लगेच उघडत नाही. आधी तिची संदर्भयादी काढतो, कुठला पार्ट कुठल्या ड्राइव्हवरून मागितला जातोय ते. निम्मी दुखणी तिथंच कळतात. खरी डोकेदुखी लाल मेटची. लोक एकेक लाल मेट दुरुस्त करत बसतात आणि दहा नवे लाल होतात. गुन्हेगार बहुधा एकच असतो, बाकीचे नुसते ओढले गेलेले. म्हणून आम्ही निम्मे मेट सप्रेस (तात्पुरते बंद) करून बघतो. लाल गेलं तर चोर त्या निम्म्यात, नाही गेलं तर उरलेल्यात. परत निम्मे. शंभर मेट असले तरी सात वेळांत सापडतो. बहुतेकदा तो एखाद्या फिलेटच्या (गोल केलेल्या कोपऱ्याच्या) कडेला लावलेला असतो आणि तो फिलेट कोणीतरी मागाहून काढलेला असतो. मेट पार्टच्या मूळ प्लेनला लावा, कडेला नको, हे मी किती जणांना सांगितलं त्याला गणती नाही.

कधी रिबिल्ड (मॉडेल पुन्हा नव्यानं उभं करणं) कितीही वेळा करा, रिबिल्डचं चिन्ह जातच नाही. तिथं बहुधा दोन पार्ट एकमेकांवर टेकलेले असतात: कव्हरचं माप बॉडीवरून घेतलेलं आणि बॉडीचं कव्हरवरून. अशा गाठी सोडवायला वेळ लागतो आणि त्या कोणी मारल्या हे कोणी कबूल करत नाही.

सगळ्यात मजेशीर केस पिंपळगावच्या द्राक्ष पॅकहाउसच्या कन्व्हेयरची. बनवणाऱ्यानं फाइल पाठवली आणि मालकाच्या मुलाच्या मशीनवर उघडली, तर एम-८ चे बोल्ट रोलरएवढे जाडजूड. मुलगा घाबरून म्हणाला, "काका, व्हायरस असेल." व्हायरस नव्हता. टूलबॉक्समधला (सॉफ्टवेअरसोबतच्या तयार नट-बोल्टच्या संग्रहातला) बोल्ट ज्याच्या-त्याच्या मशीनवरच्या मूळ फाइलमधून येतो. त्या फाइलमध्ये हवी ती साइज कधी तयारच झालेली नसेल, तर भलतीच साइज येऊन बसते. पाठवणाऱ्यानं पॅक अँड गो करताना टूलबॉक्सचे पार्ट सोबत घेतले असते तर प्रश्नच नव्हता. दहा मिनिटांचं काम. त्याचे पैसे घेतले नाहीत, पण सीझनला थॉमसन द्राक्षांची एक पेटी घरपोच आली.

खरोखर करप्ट झालेली फाइल शंभरात दोन-चारच असते. सेव्ह होता होता वीज गेलेली, नाहीतर नेटवर्कवरून थेट पेन ड्राइव्हवर सेव्ह केलेली. तेव्हा नवी कोरी असेंब्ली उघडून बिघडलेली तिच्यात सबअसेंब्ली म्हणून टाकायची आणि मग डिझॉल्व्ह करायची. पार्ट वरच्या पातळीवर येतात आणि बिघडलेलं कवच मागं राहतं. प्रत्येक वेळी जमत नाही. नाही जमलं तर बॅकअप फोल्डर, आणि तिथंही काही नसेल तर मी स्पष्ट सांगतो, नव्यानं करा. स्टेप फाइल (कुठल्याही डिझाइन सॉफ्टवेअरात उघडणारी) पुरेल का, असं बरेच जण विचारतात. आकार मिळेल, पण मेट आणि फीचरचा इतिहास त्यात येत नाही. निव्वळ मशीनिंगला द्यायचं असेल तर हरकत नाही.

आज आम्ही सात जण आहोत. निम्मं उत्पन्न फिक्स्चर डिझाइनचं, निम्मं या दुरुस्तीचं. जागा आता तळमजल्यावर आहे, आणि वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून तीच ईएन-८ ची प्लेट दाराशी टेकवली आहे. रजिस्टर चौथं चालू आहे. ते कॉम्प्युटरवर घ्या म्हणून पोरं मागे लागली आहेत. घेऊ, पण कागदी बंद करणार नाही.

पुढचा सिंहस्थ तोंडावर आला आहे. पर्वणीच्या आठवड्यात डिलिव्हरीची तारीख द्यायची नाही, हे रजिस्टरच्या पहिल्या पानावर आत्ताच लिहून ठेवलंय.