जेवणाच्या टेबलासमोर आरसा

सोमवार

मुंबईत डायनिंग रूम म्हणावी अशी वेगळी खोली क्वचितच असते. हॉलचा स्वयंपाकघराकडचा कोपरा, चार जणांचं टेबल, वर पंखा, शेजारी फ्रीज आणि दोन पावलांवर बेसिन, एवढ्यालाच डायनिंग म्हणायचं. तिथे आरसा लावतात तो जागा मोठी दिसावी म्हणून. पण आरशासमोर ओटा असेल तर दोन ओटे दिसणार आणि बेसिनखाली बादली असेल तर दोन बादल्या. म्हणून भिंत ठरवायच्या आधी भिंतीसमोर काय आहे ते बघावं.

यासाठी खर्च काही नाही. आरशाच्या मापाचं वर्तमानपत्र मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवायचं. एकाने त्याच्या चारही कोपऱ्यांवर आणि मधोमध हातआरसा सपाट टेकवून धरायचा, दुसऱ्याने टेबलाच्या प्रत्येक खुर्चीवर बसून बघायचं. संडास-बाथरूमचा दरवाजा, चपलांचा रॅक, फ्रीजवर रचून ठेवलेले डबे, काय काय दिसतं ते पाच मिनिटांत कळतं. तपासणी दिवसा एकदा आणि रात्री दिवे लावून एकदा करावी, कारण रात्री खिडकीची काचही आरशासारखी वागते.

खिडकीसमोरची भिंत सगळ्यांना आवडते. सजावटीच्या फोटोंतल्या खिडकीबाहेर बाग असते. आपल्याकडे समोरच्या विंगची बॉक्स ग्रिल, तिच्यात वाळणारे टॉवेल आणि एसीचं युनिट. ते जेवताना बघायचं नसेल तर खिडकीला काटकोनात असलेली भिंत घ्यावी. उजेड तिथूनही आत येतो, समोरच्यांचे कपडे मात्र फारसे येत नाहीत. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन संध्याकाळी आरशावरून थेट डोळ्यांत येतं, तिथे पातळ पडदा लागतोच.

मंगळवार

आरसा किती उंचावर, याचं उत्तर बहुतेक मिस्त्री ‘तुम्ही सांगाल तिथे’ असं देतात. पण हा गणिताचा प्रश्न आहे आणि सहा इंचांनी सगळं बदलतं.

टेबलाची उंची ३० इंच, रुंदी ३६ इंच धरू. टेबलाचा मध्य भिंतीपासून ४ फुटांवर आणि पलीकडच्या खुर्चीवर बसलेल्याचे डोळे भिंतीपासून ६ फुटांवर, जमिनीपासून साधारण ४६ इंचांवर. त्याला टेबलाचा मधला भाग आरशात दिसतो तो जमिनीपासून सुमारे ३६ इंचांवर. भिंतीकडची कड ३५ इंचांच्या जरा खाली, लांबची कड साडेसदतीसच्या आसपास. म्हणजे ताटं, फुलदाणी, टेबलावरचा प्रकाश हे सगळं दुप्पट दिसावं असं वाटत असेल तर आरशाची खालची कड ३४ इंचांवर हवी. तीच ४२ इंचांवर नेली की टेबल पूर्ण गायब होतं आणि उरतात नुसते चेहरे आणि मागची भिंत. अनेक घरांत ‘आरसा लावला पण काही मजा नाही’ असं जे होतं, ते या आठ इंचांमुळे.

वरच्या कडेचाही असाच हिशोब आहे. पंख्याची पाती ८ फुटांवर असतील आणि पंखा टेबलाच्या बरोबर वर असेल, तर त्याच खुर्चीवरून पात्याचं सर्वांत लांबचं टोक आरशात ७१ इंचांवर दिसतं, बाकीचा पंखा त्याहून वर. वरची कड ७० इंचांवर थांबवली की पंखा आरशात येतच नाही. येऊ देऊ नये. जेवताना डोळ्यांच्या कोपऱ्यात सतत काहीतरी फिरत राहिलं की माणूस का वैतागला ते त्यालाही कळत नाही.

टेबलावर लटकणारा दिवा मात्र टाळता येत नाही. त्याची खालची कड टेबलापासून ३० इंच वर असेल तर त्याची प्रतिमा ५४ इंचांच्या आसपास, म्हणजे नजरेच्या जवळच पडते. तिथे उघडा बल्ब लावला तर तो दोनदा टोचतो. दुधी काचेची किंवा खोल शेड आणि २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा घ्यावा. साध्या काचेत लोहामुळे थोडी हिरवट झाक असते, पांढऱ्या दिव्यात वरण-भातही त्या झाकेत आजारी दिसतो.

आता स्वतःचा चेहरा. घास चावताना स्वतःकडे बघायला फार थोड्यांना आवडतं. आरशात आपले डोळे आपल्याच डोळ्यांच्या उंचीवर दिसतात, कितीही मागे सरकलं तरी. म्हणून खालची कड ५० इंचांच्या वर नेली तर बसलेल्या कुणालाच स्वतःचं तोंड दिसत नाही, पण मग टेबलही दिसत नाही. दोन्ही एकदम मिळत नाही. मधला मार्ग म्हणजे ब्राँझ किंवा ग्रे रंगाचा आरसा, किंवा डाग पाडलेला अँटिक आरसा. प्रकाश परततो, चेहरा मवाळ होतो. आमचं मत विचाराल तर रोज जेवायच्या जागी ब्राँझच बरा. स्वच्छ आरसा पाहुण्यांना आवडतो, घरच्यांना महिन्याभरात नकोसा होतो.

टेबल भिंतीला टेकलेलं असेल तर टेबल आणि आरसा यांच्यात चार-सहा इंचांची टाइल किंवा लॅमिनेटची पट्टी सोडावी. नाहीतर आमटीचा प्रत्येक शिंतोडा आरशावर.

बुधवार

काचेचं वजन सोपं आहे: १ मिमी जाडीला दर चौरस मीटरमागे अडीच किलो. म्हणजे ५ मिमीचा आरसा चौरस फुटाला सुमारे १.१६ किलो. ४ बाय ३ फुटांचा आरसा १४ किलो, ६ बाय ४ चा २८ किलो. ५ मिमीच घ्यावा. ३ मिमीचा स्वस्त पडतो, पण मागच्या प्लायची प्रत्येक वाक उचलतो आणि समोरच्याचा गाल लांबट दिसतो. दुकानात तपासायचं तर तिरकं उभं राहून ट्यूबलाइटची प्रतिमा बघावी, डोकं हलवताना ती सरळ राहिली पाहिजे.

ॲक्रिलिकचा आरसा वजनाला निम्म्याहून कमी, पण मोठ्या मापात लहरतो आणि पुसता पुसता चरे पडतात. लहान मुलं असतील तर त्यापेक्षा काचेच्याच आरशामागे सेफ्टी फिल्म लावून घ्यावी. फुटला तरी तुकडे फिल्मला चिकटून राहतात.

मोठं माप घेण्याआधी लिफ्ट मोजा. ६ बाय ४ चा एकच तुकडा बऱ्याच इमारतींत जिन्याने न्यावा लागतो, आणि वळणावर कठड्याला लागतो. २ बाय ४ चे तीन तुकडे, कडेला बेव्हल (म्हणजे तिरपी घासलेली कड), प्रत्येकी साधारण सव्वानऊ किलो, हे सुटसुटीत. फक्त सांध्यांवर लक्ष हवं. २ फूट रुंद तुकड्याची एक कड शेजारच्यापेक्षा १ मिमी पुढे आली तर १० फुटांवरच्या वस्तूची प्रतिमा सांध्यावर सेंटीमीटरभर सरकते. माणसाचं नाक एका तुकड्यात आणि डोळा दुसऱ्यात अशी गत होते. गिरगावच्या जुन्या चाळींतल्या भिंती तर ओळंब्यात नसतातच. तिथे आधी प्लायची चौकट पाचरी घालून सरळ करून घ्यावी.

शुक्रवार

मुंबईत आरसा फुटून मरत नाही, कडेने काळा पडून मरतो. काचेच्या मागे चांदीचा अत्यंत पातळ थर असतो, त्याच्यावर बहुधा तांब्याचा, मग रंगाचे थर. रंग पाठीला झाकतो, पण कापलेली कड उघडीच राहते. खारट दमट हवा, भिंतीतली ओल आणि साफसफाईचं पाणी तिथून आत शिरतं, आणि कडेपासून आत काळे डाग सरकत जातात. लोक म्हणतात पारा उडाला. पुसून तो परत येत नाही.

म्हणून भिंत कोरडी हवी. नैर्ऋत्येचा पाऊस झेलणारी बाहेरची भिंत आणि बाथरूमला लागून असलेली भिंत या दोन्ही आधीच बाद कराव्यात. शंका असेल तर दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने बंद करून दिवसभर भिंतीवर ठेवा. आतून थेंब धरले तर तिथे आरसा नको.

भिंत कसली आहे हेही ठोकून कळतं. नव्या टॉवरमध्ये काँक्रीटची भिंत, हॅमर ड्रिलशिवाय छिद्र पडत नाही पण पडलं की पकड पक्की. मधल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकच्या, चार इंची असतात; त्यांत स्क्रू धरणारी साधी प्लास्टिकची गिट्टी ठोकली की भुगा होऊन सैल पडते. तिथे हलक्या ब्लॉकसाठीचीच लांब गिट्टी घ्यावी आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा.

भिंतीवर १२ मिमीचा प्लाय, शक्यतो आयएस ७१० शिक्क्याचा (मरीन प्लाय), मागे पातळ पट्ट्या देऊन बसवायचा, म्हणजे हवा खेळते. आरशाचं सगळं वजन खालच्या ॲल्युमिनियमच्या जे-चॅनेलवर, म्हणजे इंग्रजी J सारख्या वळलेल्या पट्टीवर. चॅनेल स्क्रूने थेट भिंतीत, आत आरशाखाली दोन ठिकाणी रबराचे ३ मिमीचे तुकडे, आणि चॅनेलच्या तळाला पाणी जायला ६ मिमीची दोन भोकं. ही भोकं कुणी पाडत नाही. मग पुसताना ओघळलेलं पाणी चॅनेलमध्ये साठतं आणि सर्वांत आधी खालचीच कड काळी होते.

चिकटवायला सिलिकॉन, पण कुठलंही नाही. बाथरूमच्या सांध्यांत भरतात ते स्वस्त सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, नळी उघडताच व्हिनेगरसारखा वास येतो. ते चांदी-तांब्याला खातं. काही महिन्यांनी आरशाच्या मधोमध बोटभर रुंदीच्या काळपट रेघा उमटतात, नेमक्या जिथे मिस्त्रीने नळी फिरवली होती तिथे. नळीवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं बघूनच घ्यावं. सुताराच्या डब्यातलं रबरी चिकट सोल्यूशनही नको, त्यातलं द्रावक मागचा रंग सोडवतं.

सिलिकॉन उभ्या ओळींत लावायचं, गोल घेर किंवा ठिपके नाहीत. उभ्या ओळींमधून हवा वर जाते आणि ओल खाली उतरते. बंद घेरात ती अडकून बसते. ४ फूट रुंद, ३ फूट उंच आरशाला सुमारे ८ मिमीच्या सहा ओळी पुरतात, २८० मिलीची एक नळी जवळपास संपते. दाबताना आरसा आणि प्लाय यांत ३ मिमीची फट राहिली पाहिजे, म्हणून तेवढ्या जाडीचे डबल-साइड टेपचे तुकडे आधी लावून ठेवायचे. सिलिकॉन दिवसाला जेमतेम दोन-तीन मिमी आत सुकतं, तेव्हा दोन दिवस वरून पट्टीचा आधार ठेवायचा. मिस्त्रीला घाई असते, आपल्याला नसावी.

आरशाला भोकं पाडून स्क्रू आणि मिरर कॅपने (स्क्रूचं डोकं झाकणाऱ्या टोपीने) बसवायचा असेल तर भोक कडेपासून निदान दोन इंच आत, स्क्रूपेक्षा मोठं, आणि मध्ये नायलॉनची चकती. स्क्रू हाताने आवळायचा. मशीनने शेवटचा अर्धा फेरा दिला की कोपऱ्यातून तडा जातो, कधी तिथल्या तिथे, कधी आठवड्याने.

रविवार

इराणी हॉटेलांत भिंतीभर आरसे, संगमरवरी टेबलं आणि ‘केस विंचरू नका’ची पाटी हे सगळं एकत्र असायचं. गल्ल्यावरून सगळी टेबलं दिसावीत हाही त्या आरशांचा उपयोग सांगतात. घरात तसा जुना जाड बेव्हलचा आरसा हवा असेल तर चोर बाजारात मिळतो. मात्र चौकट उलटी करून पाठ बघितल्याशिवाय भाव करू नये. फार जुन्या आरशांना चांदीऐवजी खरंच कथील-पाऱ्याचा लेप असतो. त्याची पाठ घासू, खरवडू नये आणि तो जेवणाजवळ तर नकोच.

आरसा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर असावा, ताट दुप्पट दिसलं की बरकत येते, असं वास्तुवाले सांगतात. ती भिंत कोरडी असेल तर जरूर.

मोठ्या आरशाने आवाजही वाढतो. भांड्यांचा खणखणाट परत येतो. समोरच्या बाजूला जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट असेल तर फरक पडतो.

फोडणीच्या धुराचा तेलकट पापुद्रा आरशावर बसतोच. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब, त्यात फडकं बुडवून घट्ट पिळून पुसायचं, लगेच कोरड्या कापडाने. स्प्रे मारायचा तर फडक्यावर, आरशावर नाही, आणि अमोनियाचा मुळीच नको. पावसाळा संपला की चॅनेलची भोकं काडीने मोकळी करावीत आणि कडा बघाव्यात. काळं पडायला सुरुवात झाली असेल तर वरून इंचभर लाकडी पट्टी मारून झाकता येतं, पण खालची ओल तशीच राहिली तर डाग पट्टीच्याही पुढे येतो.